चौकट क्रमांक अकरा

घणसोलीच्या खाजणात, भरतीची रेघ जिथे
तिवरांच्या श्वासमुळ्यांपाशी दमून मागे फिरते,
तिथे आम्ही चिखलावर मांडली
पांढऱ्या पाइपांची चौकट, पाच मीटर बाय पाच.
आत सापडेल ते सगळं मोजायचं.

खेकड्यांची बिळं सत्तेचाळीस.
चप्पल एक, डाव्या पायाची.
आणि मारांडी.

मारांडी मोजायची कशी?
दिसायला बारा खोडं. ओढून पाहिलं तर
चिखलात आडवी पडलेली एकच फांदी,
पेराला पेराला मुळं सोडत
इथवर चालत आलेली.
मी लिहिलं: एक. खोडलं.
लिहिलं: बारा.
तेही खोडलं.

सुंदराबाई वैती मांडीभर गाळात उभ्या,
चिंबोऱ्यांची पाटी डोक्यावर.
"बांधाला जेवरी लागंल तेवरी लिव," म्हणाल्या,
आणि पुढच्या बिळात हात घातला.

पानं समोरासमोर, एका जोडीवर दुसरी आडवी,
चामड्यासारखी जाड, कडेला नागमोडी दाते.
देठाच्या बुडाशी आणखी दोन काटे,
दारावर जागणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.
पानावर पांढरी बुकटी. धूळ नव्हे ती.
मुळांनी खाडी प्यायली,
पानांनी तिचं मीठ
उन्हात काढून ठेवलं.
कोणी बघत नाही असं पाहून मी जीभ लावली.
नोंदवहीत चवीचा रकाना नाही.

फूल निळसर जांभळं, वरचा ओठच नसलेलं.
खालचा तेवढा रुंद, कोणीतरी पुढे केलेल्या तळव्यासारखा.
त्यावर उतरतो काळा भुंगा, जड, घरघरत,
चार केसाळ पुंकेसरांच्या फटीत
डोकं खुपसतो, अंग रेटतो,
आणि पाठीला पीठ फासून
शेजारच्या तुऱ्याकडे जातो, गिरणीतून निघाल्यासारखा.
बांधावर दुर्बिणी लावलेले लोक
दूरचे रोहित मोजतायत.
आमच्याकडे पाठ. बरंच आहे.

एक फांदी वर्तमानपत्रात दाबून घरी नेली,
वर शब्दकोशाचे दोन खंड आणि पोळपाट.
दुसऱ्या दिवशीच निळ्याचा झाला
चहाचा डाग.
कागद मात्र वाळेना.
मीठ हवेतली ओल ओढत बसलं
आणि शेअर बाजाराचं पान
आठवडाभर दमट राहिलं.

बोंडं वेगळी ठेवली होती, टीव्हीमागे, वाटीत.
तिसऱ्या रात्री: टच्.
आई उठून बसली. "पाल पडली का गं?"
पुन्हा टच्, आणि भिंतीवर काहीतरी आपटलं.
बोंड मधोमध तडकलेलं.
एकात चार बिया असतात, चपट्या.
एक फ्रिजखाली मिळाली,
एक आईच्या चष्म्याच्या घरात,
एक देवाच्या ताम्हनात. बाकीच्यांचा
आजवर पत्ता नाही.

कुंडीत एकच रुजली.
उत्तरेची बाल्कनी, महापालिकेचं गोडं पाणी,
वर्षात वीतभर वाढली,
आणि पानं आली गुळगुळीत, बिनकाट्याची.
सावलीत हिला काटे धरत नाहीत,
हे मी वाचलेलं होतं. तरी दचकले.
आई खूश. "शहाणी झाली बघ."
सुंदराबाईंना फोनमध्ये फोटो दाखवला.
ओल्या बोटाने त्यांनी तो मोठा केला, लहान केला.
"ही कोनाची पोर?"

पुढच्या माघात ओहोटी बघून
कुंडी घेऊन गेले. चौकट पुन्हा मांडलेली,
पुन्हा तेच दोन खोडलेले आकडे.
आत लावावी तर मोजणी खोटी होईल.
पाइपाच्या बाहेर, हातभर अंतरावर
गाळात बोटांनी खड्डा केला
आणि ठेवून दिली, उन्हाकडे तोंड करून.

येईल चालत आत.
तेव्हा मोजू.